भोंगा वाजायच्या आत

माझी बायको शुभदा अंबरनाथला बहिणीकडे गेली असताना मी पाणी शुद्ध करायचं मशीन विकत घेतलं. तसलंच एक मशीन आमच्या ओट्यावर आधीपासून आहे, हे मला सही करून झाल्यावर आठवलं.

माझी बाजू तरी ऐकून घ्या. दारात आलेली मुलगी म्हणाली, "सर, विकायचं काही नाही, फक्त डेमो." मी तिला बेसिनच्या नळाचं ग्लासभर पाणी आणून दिलं. तिने त्यात दोन दांड्या बुडवून बटण दाबलं आणि बघता बघता पाणी चहासारखं झालं, वर गाळ तरंगायला लागला. "सर, हे तुमची फॅमिली पिते," असं ती इतक्या हळू आवाजात म्हणाली की मला भरून आलं. मग तिने मॅनेजरला फोन लावून स्पीकरवर टाकला. ऑफर म्हणे संध्याकाळपर्यंतच. मी मोबाइलवरून ॲडव्हान्स भरला, सही केली आणि वर तिला सरबतही पाजलं.

शुभदाने आल्या आल्या खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दुपारी तुम्ही एकटेच होतात ना?" एवढं विचारून ती म्हणाली, "गायकवाडकाकांना बोलवा."

कात्रपमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दारावर येऊन कोणी काही गळ्यात मारून गेलं की गायकवाडकाकांना बोलावतात. अंबरनाथ एमआयडीसीत ते युनियनचे पुढारी होते. नोकरी संपली, भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून काही दिवस गप्प गप्प असायचे. मग त्यांना कळलं की घरी येऊन माल विकणाऱ्यांना माल परत घ्यायची मुदत द्यावी लागते, आणि ती पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेली असते. काकांना नवी मॅनेजमेंट मिळाली! वरच्या मजल्यावरची लोहचुंबकाची गादी, खालच्या मजल्यावरचा भांड्यांचा सेट, सगळं त्यांनीच परत धाडलं. मुदतीला ते 'शिफ्ट' म्हणतात. "भोंगा वाजायच्या आत बोलायचं. नंतर गेट बंद!"

काका आले. खोक्याभोवती एक फेरी मारली.

"राणे, भोक पाडलं?"

"कसलं?"

"भिंतीला. मशीन लावायला."

"नाही. माणूस परवा येणार आहे."

"मग केस जिवंत आहे. सही केली म्हणजे शरण गेलो नाही, काय?"

मी फोन करून कळवू का, असं विचारलं. काकांनी कीव आल्यासारखं पाहिलं. "फोनवर ती पोरगी गोड बोलेल आणि तुम्ही अजून एक घ्याल. लेखी द्यायचं, पोच घ्यायची." शुभदाने जरा जास्तच जोरात मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही उल्हासनगर कॅम्प दोनला गेलो. पडद्यांच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. काउंटरवरचा म्हणाला, "अंकल, कॅन्सल नहीं होता. छोटावाला मॉडेल दे दूँ?"

काकांनी पावती उलटी करून पुढे ठेवली.

"साहब लंच पे है."

"जेवू दे की. पोटभर जेवू दे. आम्ही बसतो." काकांनी चपला काढल्या आणि खुर्चीवर चक्क मांडी घातली. मला हळूच म्हणाले, "घोषणा द्यायची वेळ आली तर लाजू नका." मी पंख्याकडे पाहत बसलो. इन्कलाबाच्या बाबतीत माझा घसा नेहमीच बसलेला असतो.

घोषणेची वेळ आली नाही. साहेब आला, पावतीची मागची बाजू त्याने आमच्यासमोर बहुधा पहिल्यांदाच वाचली, आणि अर्ज काढला. "रीझन क्या लिखूँ?"

काकांचा आवाज एकदम उतरला. "रद्द झालं तर त्या मुलीचं काही कापणार का?"

"डेमो का कम्प्लेंट लिखा तो उसको सुनना पडेगा."

काकांनी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं : मालात खोट नाही. मुलीने काम चोख केलं. ग्राहक घरी विचारायला विसरला. कागद माझ्याकडे सरकवला. "करा सही. खरंच आहे ना?"

पोच मिळाली, पैसे परत खात्यात येतील असा शिक्काही मिळाला. परत आल्यावर रिक्षातून उतरताना काकांचा गुडघा धरला, म्हणून मी त्यांना हात देऊन थेट घरात नेलं. इतक्या वर्षांत मी तिथे कधी गेलो नव्हतो. काकू गेल्यापासून ते एकटेच राहतात, मुलगा बंगळुरात असतो. काका सगळ्यांच्या घरी जायचे, पण त्यांचं दार मात्र वीतभरच उघडायचं.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. पाय चेपायचं मशीन, मुलांच्या ज्ञानकोशाचा अख्खा संच, शेगडी, व्हॅक्यूम क्लीनर. बहुतेकांवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं.

"काका, यांची मुदत?"

"कधीच भोंगा झाला." ते पलंगाच्या कडेवर टेकले.

"तुम्ही? तुम्ही नाही रद्द केलंत?"

काका गुडघा चोळायला लागले. "तो व्हॅक्यूमवाला आला होता ना, त्याने या गादीवर मशीन फिरवलं. म्हणाला, काका, इकडून एवढी धूळ निघाली, त्या बाजूला काहीच कसं नाही? मी म्हटलं, तिकडे आता कोणी झोपत नाही. त्याने मशीन बंद केलं. कंपनीचं काही बोलला नाही. चहा घेतला, काकूंचं नाव काय होतं विचारलं, बसला तासभर." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता राणे, ते रद्द कसं करायचं?"

त्यांच्या गुडघ्याला मलम लावून दिलं आणि घरी आलो.

शुभदाला सगळं सांगितलं. निवडत असलेली भाजी तिने बाजूला ठेवली. मग म्हणाली, "उद्या संध्याकाळी जा त्यांच्याकडे. आणि अहो, कुठलं काम काढून जाऊ नका. नुसते जाऊन बसा."