पत्ता नसलेला पोर्ट

समितीवर आमचा उघड आरोप आहे की तिने आपलं काम चोख केलं. कामचुकार समितीच्या तावडीतून माणूस कसाबसा सुटतो. चोख समितीच्या तावडीतून वायरसुद्धा सुटत नाही.

त्याचं असं झालं. कचेरीत विभाग पाच आणि राउटरमधून निघणारी केबल एक. कर विभागाने पाणी विभागाच्या केबलीतून आपली माहिती पाठवायची म्हणजे अब्रूचाच प्रश्न. पाचही जण वेगळी केबल मागत होते आणि मंजुरी एकीलाही नव्हती. तेव्हा कचेरीचं नेटवर्क सांभाळणाऱ्या वायरबाईंनी (त्यांना खरं नावही होतं, पण ते कुणाला लागत नसे) राउटरला ती केबल जिथे खोचतात त्या एकाच पोर्टाचे कागदोपत्री पाच तुकडे केले. त्यांना उप-इंटरफेस म्हणतात. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा नंबर, स्वतःचा पत्ता. केबल तीच, पण ज्याला त्याला वाटावं की आपण वेगळे राहतो. एकत्र कुटुंबांना जे पिढ्यान्‌पिढ्या साधलं नाही, ते बाईंनी एका दुपारी साधलं.

नंबरांवरून थोडी हाणामारी झाली. जन्म-मृत्यू विभागाला दहा मिळाला म्हणून कर विभागाला नऊच हवा होता. साहेबांनी एक घेतला. (या कामी एक नंबर टाळावा, असं जाणकार म्हणतात. जाणकारांचं ऐकायचं तर साहेब कशाला व्हायचं?) पुढे सगळं इतकं सुरळीत चाललं की बाईंचा सगळ्यांना विसर पडला. नेटवर्कच्या धंद्यात यालाच उत्तम कामगिरी म्हणतात.

मग निष्क्रिय साधने व मनुष्यबळ निर्मूलन समिती आली. तिने राउटर तपासला. पाचही तुकड्यांना पत्ते होते, मूळ पोर्टाची जागा कोरी. बाईंनी समजावलं, की मूळ पोर्ट मुद्दामच कोरा ठेवतात, पत्ते तुकड्यांना असतात, पण सगळे जगतात त्याच्याच जिवावर. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुमच्या भावना समजतात. पण पत्ता नाही म्हणजे काम नाही."

त्याच न्यायाने समितीने माणसं तपासली. बाई पाचही विभागांचं काम करत असल्याने एकाही विभागात नव्हत्या. एखाद्या प्रमुखाने "या आमच्या" असं म्हटलं असतं, तर नोकरी टिकली असती. पाचही प्रमुखांनी बाईंची तोंड भरून स्तुती केली आणि शेवटी सांगितलं की या बाई शेजारच्या विभागाच्या असाव्यात.

घरी दिराने विचारलं, "वहिनी, एखाद्या विभागात घुसून का नाही बसलात?"

"बसले असते तर बाकीच्या चौघांचं कुणी बघितलं असतं?" बाई म्हणाल्या, आणि उत्तर किती खुळचट आहे हे त्यांना स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी आदेशाप्रमाणे मूळ पोर्ट बंद केला, ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि त्या निघाल्या. त्या जिना उतरेपर्यंत पाचही विभाग आडवे झाले. शहरात त्या दिवशी कुणी जन्मलं नाही, कुणी मेलं नाही. (समितीने ही आरोग्यातली सुधारणा म्हणून नोंदवली.) चौकशीत पाचही उप-इंटरफेस नादुरुस्त ठरले. मूळ पोर्ट तेवढा निर्दोष सुटला. तो बिघडला नव्हता, आदेशानुसार बंद होता.

शेवटी साहेबांनी स्वतः फोन केला. या म्हणाले, लगेच या. बाई आल्या. फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं.

"ताई, विभाग सांगा. विभागाशिवाय कुणाला सोडायचं नाही, समितीचा हुकूम आहे."

आता बाई फाटकाबाहेर उभ्या आहेत. वरच्या खिडक्यांतून पाचही प्रमुख हात हलवून बोलावताहेत, पण "आमच्या विभागाच्या" एवढं खाली ओरडून सांगायला एकाचाही घसा मोकळा नाही. आणि दाखल्यासाठी रांगेत ताटकळलेले तुम्ही त्यांनाच दटावताय, "ओ बाई, मधे घुसू नका."

समितीने उत्तर द्यावं, बाईंनी पहारेकऱ्याला कुठला विभाग सांगायचा? समितीला सवड नसेल तर रांगेतल्यांनो, तुम्ही द्या. तुमचंच काम अडलंय. "बाई आमच्या" म्हणायला तुमची जीभ का अडते?