थिजलेल्या बाणाचं प्रकरण

या प्रकरणात भिंगरावांना मिळणार होता एक खिसा. खिसा त्यांचाच, कोटही त्यांचाच. पण संगणक चालू करून दिलात तर खिशावर सोनेरी दोऱ्याने ‘गुप्तहेर’ असं भरून देईन, असं मेहुणीने कबूल केलं होतं. विमा कंपनीत तीस वर्षं लोकांच्या जळक्या गोदामांकडे संशयाने बघून निवृत्त झालेल्या माणसाला आणखी काय हवं? मला पाहिलं की सत्य आपणहून खुर्ची सोडून उभं राहतं, असं ते सांगत. त्यांचा चष्मा मात्र रोज धाकटे साडू शोधून देत. साडू चष्मेवाले. भिंगरावांचं भिंगही ‘दुरुस्त करून आणतो’ म्हणून त्यांच्याच दुकानात गेलेलं.

मेहुणी म्हणजे चष्मेवाल्यांची बायको. यंत्रावर भरतकाम करायची. शनिवारपर्यंत शाळेचे तीनशे बिल्ले द्यायचे होते, नाहीतर काम समोरच्या दुकानात जाणार. आणि सोमवारी जुन्या संगणकाने धूर सोडून मान टाकली. नवा आणला, पण भरतकामाचा प्रोग्राम जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालेना. म्हणजे नव्या यंत्रात जुनी सिस्टिम घालणं आलं.

भिंगरावांनी आधी घटनास्थळ सील केलं. जुन्या संगणकाचा कीबोर्ड ‘मुद्देमाल’ म्हणून सासूबाईंच्या उशीच्या अभ्र्यात घातला, तोंडावर लाख ओतली आणि कपाटावर ठेवला. मग सीडी घातली. ‘भाषा निवडा’ असा पडदा आला, मधोमध बाण. बाण हलेना. नवा कीबोर्ड बडवला, त्याचंही उत्तर नाही.

“एक मिनिटापूर्वी, यंत्राच्या सेटिंगमध्ये, दोघं ठणठणीत होते,” भिंगराव म्हणाले. “सिस्टिम आली आणि दोघं एकदम गप्प. साडूभाऊ, साक्षीदारांना कुणीतरी धमकावलंय.”

चष्मेवाल्यांनी वहीत ‘धमकी’ लिहिलं. वही त्यांचीच, गिऱ्हाइकांच्या नंबरांची.

मंगळवारी शेजारपाजारचे चार माऊस जमवून ओळखपरेड झाली. ‘भाषा निवडा’ येताच चौघांचेही लाल दिवे विझले, त्यामुळे कट असल्याचं सिद्ध झालं. बुधवारी संशय संगणकविक्रेत्यावर गेला. तो फोनवर म्हणाला, जुन्या सिस्टिमला नवे चपटे पोर्ट, म्हणजे वायर खोचायच्या खाचा, ओळखू येत नाहीत, आणि पुढे काही सांगणार तोच भिंगरावांनी आरोपी फार बोलतो म्हणून फोन ठेवला. गुरुवारी पाळी चष्मेवाल्यांवर आली. भरतयंत्राच्या खडखडाटाने त्यांची दुपारची झोप मोडते, हा हेतू.

“अहो, मी दुपारी दुकानात असतो.”

“ते फक्त तुम्ही म्हणता.”

चष्मेवाल्यांनी स्वतःचं नाव वहीत लिहिलं आणि शेजारी, सवयीने, दोन्ही डोळ्यांचा नंबर.

शुक्रवारी सकाळी मेहुणी शाळेला नकार कळवायला फोन हातात घेऊन बसली. डोळे लाल होते. भिंगराव संगणक बंद करून चहाला उठले.

तेवढ्यात धुण्याचा दिवस म्हणून सासूबाई अभ्रे गोळा करत आल्या. लाख खरवडताना अभ्रा टरकला. आतला कीबोर्ड त्यांनी पुसला. त्याची वायर जमिनीवर लोळू लागली, आणि लोळणारी वायर त्यांना बघवत नाही. नव्या डब्याच्या पाठीमागे एक गोल भोक रिकामं होतं, वायरचं टोकही गोल. त्यांनी ते खोचलं आणि अभ्रा घेऊन निघून गेल्या.

चहानंतर चष्मेवाल्यांनी संगणक लावला आणि त्या कीबोर्डचं बटण सहज दाबलं. भाषा निवडली गेली.

चारही दिवस उत्तर कपाटावर होतं, लाखेच्या मोहरेखाली, भिंगरावांच्या सहीसकट.

बिल्ले शनिवारी पोचले. मेहुणी शब्दाला जागली, कोट मागितला आणि खिशावर अक्षरं भरून दिली.

“पण आमच्या आईचा अभ्रा फाटलाय, भाऊजी. त्याला ठिगळ हवं.”

भिंगरावांनी खिसा उसवायला कात्री स्वतःच तिच्या हातात दिली.

तर हिशेब असा: मेहुणीचं काम टिकलं, शेजाऱ्यांचे चारही माऊस परत गेले, भिंग अजून आलेलं नाही. सासूबाई दुपारी सोनेरी अक्षरांतल्या ‘गुप्तहेर’वर गाल टेकून घोरतात. आणि भिंगराव कोटाच्या खिशात हात घालायला जातात, तेव्हा हात सरळ खाली घसरतो.