दोन काठ्यांचा झेंडा

एका जंगलात, मुलांनो, पुष्कळ वर्षांपूर्वी एका मेंढीनं एक आवाज ऐकला. दगडावर शिंग आपटल्याचा. खण्ण. एकदाच. त्यानंतर नुसतं पाणी वाहत राहिलं.

हे जंगल वेल्स नावाच्या देशाच्या डोंगरात होतं. तिथं धुकं फार आणि मेंढ्याही फार. या मेंढीचं नाव नेस्ट. ते शिंग तिच्या भावाचं होतं, ग्रिफचं.

त्या दिवशी शेजारच्या मोठ्या रानातले लांडगे चालून आले होते. कळप नदीपलीकडे न्यायचा होता. ग्रिफनं एकेकाला नदीच्या उतारावरून, म्हणजे उथळ जागेतून, गुडघाभर पाण्यातून, पलीकडे लावून दिलं. एक लंगडी शेळी मागं राहिली होती. तिला आणायला तो परत गेला. शेळी पोचली. तो स्वतः मात्र धुक्यात चार पावलं खाली चुकला. तिथं डोह होता. वरून पाणी अगदी शांत दिसायचं. आत बैल बुडेल इतकं होतं.

दुसऱ्या दिवशी नेस्टनं दोन काठ्या आणल्या. एक डोहाच्या काठावर उभी रोवली. दुसरी तिच्यावर आडवी धरून आपल्याच लोकरीनं बांधली.

त्या डोंगरात ही जुनी रीत होती. नुसती उभी काठी दिसली, तर इथं उतार आहे, खुशाल जा. उभीवर आडवी दिसली, तर इथं डोह आहे, पाय घालू नका. पिलांचं दूध सुटायच्या आधी त्यांना एवढं शिकवलं जाई.

दरवर्षी बांधलेली लोकर कुजायची. दरवर्षी नेस्ट नवी बांधायची. भावाचं म्हणून ती तेवढंच करायची.

पुढं नदीवर पूल झाला. पूल झाल्यावर काठ्या वाचायची कुणाला गरज उरली नाही. वाचता येणारे म्हातारे झाले. मग तेही गेले; नेस्ट तेवढी उरली.

आणि एका वर्षी त्या जंगलाला अभिमान वाटू लागला. का, ते कुणाला नीट सांगता येईना. खोकल्याची साथ येते, तसा तो आला आणि घरोघर पसरला.

लगेच ग्रिफच्या नावानं एक स्मृतिसमिती झाली. कोल्हा अध्यक्ष झाला, कारण सभा त्यानंच बोलावली होती. बोकड कार्यवाह झाला. सभेची टिपणं तो लिहून घ्यायचा आणि भूक लागली की खायचा. पाणमांजराकडे चहापाण्याचा विभाग आला.

जंगलाचा जुना झेंडा होता. त्यावर लाल सरडा होता. आपण पूर्वी उडायचो आणि आग ओकायचो, असं सरडा स्वतःच सांगे. पण समितीला स्वतःचा झेंडा हवा होता. कुणीतरी नदीकाठच्या त्या काठ्या पाहिल्या. झालं. काळ्या कापडावर पिवळा क्रूस आला. सगळ्यांनी कानात हिरव्या कांद्याच्या पातीचे तुरे खोचले. बोकडाला तुरा तीनदा द्यावा लागला.

आता क्रूसाचा अर्थ ठरवायचा राहिला होता. अर्थाशिवाय झेंडा बरा दिसत नाही.

"उभी काठी म्हणजे शौर्य," डोमकावळा म्हणाला. त्याचा पुस्तकांशी जुना संबंध होता. वाचनालयाच्या छपरावर त्याचं घरटं होतं. "आडवी म्हणजे त्याग."

"आणि उलट असेल तर?" बोकडानं विचारलं.

"उलट असेल तर झेंडा आडवा धरावा लागेल."

"उभी म्हणजे आपले डोंगर," ससा म्हणाला. "आडवी म्हणजे आपला समुद्र."

अशी तीन दिवस सभा चालली. तिसऱ्या दिवशी मागच्या रांगेतून नेस्ट उठली. ती आता फार म्हातारी झाली होती. उठायलाच तिला वेळ लागला.

"बाळांनो, त्या काठ्या मी बांधल्यात," ती म्हणाली. "त्यांचा अर्थ एवढाच, की इथं डोह आहे. पाय घालू नका."



"आजी, तुमच्या भावना पोचल्या," कोल्हा म्हणाला. "पण एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी झेंडा करतं का?"

"मी कुठं झेंडा केला? मी काठ्या बांधल्या."

"थांबा, थांबा," डोमकावळा पंख हलवत म्हणाला. "आजी म्हणतात त्यात तथ्य आहे. तो संदेशच आहे. पण कुणाला? आपल्याला? आपण कशाला आपल्याच नदीला भ्यायचं? तो लांडग्यांना आहे! लांडग्यांनो, खबरदार, इथं पाय घालू नका!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सशाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे," कोल्हा सावकाश म्हणाला, "तिथं पाय घालायला जो भितो, तो कोण?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"लांडगा," ससा घाईघाईनं म्हणाला.

ठराव एकमतानं झाला. स्मृतिदिनी मिरवणूक पुलावरून जाणार नाही. जिथं क्रूस आहे, तिथूनच नदी ओलांडेल. पाणमांजर त्या डोहात रोज पोहायचं. त्याला पाण्याची खोली पुरती ठाऊक होती. पण त्याच्याकडे चहापाणी होतं. नदीचं पाणी दुसऱ्या विभागाकडे होतं.

झेंडा धरायचा मान इदवालला मिळाला. इदवाल हा ग्रिफचा मुलगा. बाप गेला तेव्हा तो आठ दिवसांचा होता. नेस्टनं त्याला आपल्या दुधावर वाढवलं. शिंगं अगदी बापासारखी आली होती.

स्मृतिदिनाला दोन दिवस उरले, तेव्हा संध्याकाळी नेस्ट त्याला म्हणाली, "तुला ठाऊक आहे ना रे तिथं काय आहे ते?"

"ठाऊक आहे, आत्या. तूच शिकवलंस."

"मग?"

"मग काय? नाही म्हटलं तर सगळे म्हणतील, ग्रिफचा पोरगा पाण्याला भ्याला."

"म्हणू देत की. म्हटल्यानं लोकर गळते का?"

इदवाल हसला. "तू सभेत बोललीस तेव्हापासून तुला काय म्हणतात, ऐकलंयस? लांडग्यांची मावशी."

"मला खुद्द लांडगीण म्हणा. पण तू वरून जा बाबा. चारच पावलं वर. कुणाला कळणार आहे?"

"समितीनं चुन्यानं जागा आखलीय, आत्या."

नेस्ट त्याच्याजवळ सरकली.

"तुरा वाकडा झालाय बघ," इदवाल म्हणाला. "तेवढा नीट कर ना."

तिनं तुरा नीट केला.

सकाळी ती नदीवर गेली, तर काठ्या जाग्यावर नव्हत्या. समितीनं त्या उपटून टेकडीवर नेल्या होत्या. तिथं चौथरा बांधला होता. नेस्टनं दोन नव्या काठ्या शोधल्या, रोवल्या, लोकरीनं बांधल्या. तेवढ्यात बोकड धावत आला.

"आजी, आजी! विनापरवाना राष्ट्रीय चिन्ह उभं करता येत नाही."

"मग जुनं परत आणून लाव."

"ते आता टेकडीवरच राहणार. इथं पाहुण्यांचे पाय चिखलात भरतात."

"टेकडीवर कोण बुडणार आहे, मेल्या?"

"म्हणून तर तिथं नेलं," बोकड म्हणाला. "तिथं ते सुरक्षित आहे."

त्यानं नव्या काठ्या उपटल्या. लोकर मात्र त्यानं आदरानं परत केली.

स्मृतिदिन उजाडला. बेडकांचा बँड वाजू लागला. नेस्ट चुन्याच्या रेघेवर, पाण्याकडे पाठ करून, आडवी उभी राहिली. कोल्ह्यानं ते पाहिलं आणि मोठ्यानं सांगितलं, की हुतात्म्याच्या भगिनी मानवंदना द्यायला आल्या आहेत. टाळ्या झाल्या. दोन धट्ट्याकट्ट्या शेळ्यांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून, अतिशय मानानं, खुर्चीत नेऊन बसवलं. मेंढीला लोकरीची शाल पांघरली.

"इदवाल!" ती ओरडली. बँड चालू होता.

इदवालनं पाण्यात पाय घातला. पहिल्या पावलाला टाळ्या पडल्या. दुसऱ्या पावलाला पाणी पोटाला लागलं. तिसऱ्या पावलाला नुसता झेंडा दिसत होता.

मागून येणारा ससा थांबला. आपल्या पायात काटा गेला आहे, असं तो म्हणाला. त्याच्या मागचे सगळे तो काटा बघायला थांबले.

पाणमांजरानं चहाची किटली खाली ठेवली आणि उडी मारली. कुणाची परवानगीही घेतली नाही. खालच्या वळणापर्यंत ते शोधत गेलं. झेंडा सापडला. इदवाल सापडला नाही.

समितीनं लगेच दुखवट्याची सभा घेतली. पाणमांजराला आपला विभाग सोडून काम केल्याबद्दल समज देण्यात आली.

दुसऱ्या वर्षी नवा झेंडा झाला. काळ्या कापडावर आता दोन पिवळे क्रूस होते. टेकडीवर दुसरा चौथरा उठला. शेजारी तिसऱ्यासाठी मोकळी ठेवलेली जागा बोकडानं पाहुण्यांना दाखवली. झेंडा धरायच्या मानासाठी अकरा तरुणांनी नावं दिली होती. अकराही जण तुरे खोचून एका रांगेत उभे होते.

नेस्टला पुन्हा खुर्चीत बसवलं. पुन्हा शाल पांघरली.

"भावाला दिलं, भाच्याला दिलं!" कोल्हा म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच कापला. "अशा आत्या ज्या जंगलात आहेत, त्या जंगलाला काय कमी? आजी, झेंडा तुमच्या हस्ते फडकू द्या. आणि क्रूसाचा अर्थही यंदा तुम्हीच सांगा. आता कुणाचीही हरकत नाही."

डोमकावळ्यानं मान डोलावली. बोकडानं लिहायला कागद काढला. कागदाचा एक कोपरा आधीच गेला होता.

नेस्ट सावकाश उठली. झेंड्याची दोरी तिच्या पुढ्यात धरली गेली. सगळं जंगल कान टवकारून थांबलं. तिनं रांगेतल्या अकरा जणांकडे एकेक करून पाहिलं. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत.

"आजींचा कंठ दाटून आला आहे," कोल्हा हळूच म्हणाला.

नेस्टनं शाल काढली आणि खुर्चीवर ठेवली. मग ती वळली, टेकडी उतरली, आणि कुणाशीही काही न बोलता निघून गेली.

तात्पर्य: धोक्याची खूण नदीकाठी ठेवली, तर ती नुसतेच जीव वाचवते. तीच उपटून झेंड्यावर लावली, तर दरवर्षी एक नवा वीर मिळतो. म्हणून, मुलांनो, खुणा वाचायला शिकण्यात वेळ घालवू नका; त्यांना वंदन करायला शिका.