आईला उतरवायला गेलेले भिकाजी

भिकाजी परबांची आई पाळण्यातून उतरायला तयार नव्हती, आणि व्याही कोणत्याही क्षणी येणार होते.

गोवा मुक्त झाला त्याच्या पुढच्या वर्षीची वालावलची जत्रा. भिकाजींचा मुलगा मुंबईत गिरणीत लागला होता आणि त्याच्यासाठी मालवणच्या गुरुदास सावंतांची मुलगी बघायची चालली होती. जत्रेत देवळाच्या पायरीवर भेटावे, माणसे पारखावीत, असे ठरले होते. भिकाजी कोट घालून, काळी टोपी नीट बसवून सकाळपासून पायरीवर ताटकळत होते. आणि सत्तरीच्या सुभद्राबाई लाकडी पाळण्यात बसून आभाळात ये-जा करीत होत्या. पाळणेवाला बाबली ढकलून ढकलून घामाघूम झाला, तरी म्हातारीचे मन भरेना.

भिकाजींचे डोके तापले. त्यांनी पाळणा थांबवायला लावला.

"आये, उतर. लोक काय म्हणतीत?"

सुभद्राबाईंनी दांडा घट्ट धरला. "ल्हानपणी बापाशीन चढाक दिल्यान नाय. मगे तुज्या बापाशीन दिल्यान नाय. आता दोघंय नाय आसत. तू गप रव."

शेवटी भिकाजींनी एक पाय पाळण्यात ठेवून आईचा दंड धरला. गिऱ्हाईक बसले असे समजून बाबलीने पाळणा ढकलला. भिकाजी धपकन आईच्या मांडीवर बसले, तिथून शेजारी घसरले आणि तसेच वर गेले.

वर जाताना त्यांनी आईला सुनावले, बाबलीला सुनावले, असली थेरं देवळापुढे चालू देणाऱ्या मानकऱ्यांनाही सोडले नाही. खाली येताना मात्र दांडा दोन्ही हातांनी धरावा लागे आणि वाक्य अर्धेच राही. तळाशी आल्यावर ते ओरडत, "बाबल्या, जोरान सांगतंय, थांबय!" त्यातले "बाबल्या, जोरान" एवढेच खाली पोचे; बाकीचे भिकाजींबरोबर वर जाई. बाबली भला माणूस. त्याने आपल्या जोडीदाराला हाक मारली आणि दोघे मिळून ढकलू लागले.

टोपी उडाली ती गुळात घोळलेल्या खाज्याच्या ढिगात पडली. खाजेवाला कावला. खाजे घेत उभ्या असलेल्या एका धिप्पाड माणसाने टोपी उचलली आणि ती कुणाची म्हणून वर पाहिले. भिकाजींनी वरून त्याला ओळखले. ते गुरुदास सावंत होते; मालवणच्या बाजारात दोघांची एकदा तोंडओळख झाली होती. भिकाजींचे केस ताठ उभे, तोंड उघडे, आणि शेजारी आई पोट धरून हसत होती.

पाळणा थांबला तेव्हाही भिकाजींचा राग शाबूत होता. बाबलीला धरायचेच, असे ठरवून ते उतरले. समोर गुरुदास गूळ लागलेली टोपी घेऊन उभे.

"खरा सांगू, व्याहीनूं?" गुरुदास म्हणाले. "तुमी लय कडक, असा आयकलेलंय. माज्या चेडवाक तुमच्या घरात हसाक तरी गावतला काय, हीच काळजी होती. आज ती मिटली. आवशीक घेवन पाळण्यात बसणारो माणूस मी पयलोच बघतंय. लगीन ठरला म्हणान समजा."

भिकाजींना आयुष्यात इतका संताप कधी आला नव्हता. आपल्याला कुणी मौजी माणूस समजावे! आपण स्वखुशीने चढलो नव्हतो, हे ठणकावून सांगायला त्यांनी तोंड उघडले. तेवढ्यात मन भरून मागोमाग उतरलेल्या सुभद्राबाईंचे कोपर बरगडीत बसले. त्यांनी गुळासकट टोपी घेऊन डोक्यावर चढवली.

"चला तर," गुरुदासांनी त्यांचा हात धरला, "आता एक फेरी माज्यावांगडा."

बाबलीने दोघांना बसवले. पाळणा हलला. खालून आईचा बारीक आवाज आला,

"भिकाजी, हस रे. व्याही बघतत."