अब्बांच्या उशाशी समुद्र

किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर गडचांदुरात समुद्र आणणारा पहिला माणूस म्हणून गफ्फारचं नाव घ्यावं लागेल, असं निदान गफ्फारचं मत होतं. मेव्हण्याच्या लग्नाला तो रत्नागिरीला गेला आणि पिशवीभर शंख वेचून आला. कूलर दुरुस्त करणारा माणूस. मालाची पारख वजनावर! बाकीचे वऱ्हाडी हलके, पोकळ शंख उचलत होते. गफ्फारनं जड, भरीव, तोंड घट्ट मिटलेले निवडले.

"अस्सल माल!" म्हणत त्यानं ते समोरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये मांडले. खाली अब्बांची खाट. शंखाच्या आत कोणी जीव राहत असेल, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

हळूहळू घरात वास सुटला. त्याच्या बायकोनं, नूरीनं, मेलेला उंदीर शोधला, सापडला नाही. शेजारच्या वच्छलाबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "सासऱ्याच्या पाठीले जखम झाली काय वं? पाहून राह्यली ना नीट?"

नूरीचा चेहरा पडला. कंबर मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या अब्बांनीही ते ऐकलं.

"गफ्फार, मी आतून सडून राह्यलो."

"नाई अब्बा! उंदीर असंन!"

"इतका मोठा उंदीर मीच हावो."

त्यांनी जेवण सोडलं. सडक्या टोपल्यात ताजी भाजी कोण भरते, म्हणाले. मग मोहल्ल्याला बोलावून एकेकाची माफी मागायला लागले. लोकही रडत रडत माफ करू लागले. एकानं तर परस्पर कफनाची चौकशी केली!

पाणी पाजायला वाकलेल्या गफ्फारच्या मानेवर वरून काळं काहीतरी टपकलं. त्यानं वर पाहिलं. शोकेस गळत होतं.

सगळे शंख त्यानं गावाबाहेर नेऊन पुरले. खोली धुतली, खिडक्या उघडल्या आणि भरल्या मोहल्ल्यासमोर ओरडला, "अब्बा, शंख सडले होते! तुमी नाई!"

"शंख सडते काय बे? गोटा हाय तो!"

"तुमी वास तं घ्या!"

अब्बांनी लांब श्वास घेतला. नूरी खिचडीची वाटी घेऊन उभी राहिली.

"येते काय वास?"

"नाई."

"मंग! पाहा!"

अब्बांनी डोळे मिटले.

"नाक गेलं," ते शांतपणे म्हणाले. "सुरुवात झाली."

नूरीनं वाटी झाकून परत आत नेली.