काच फुटता कामा नये

एका जंगलात एक बुरूज होता. कोणत्या जंगलात ते विचारू नका, मुलांनो, त्याचा सर्व्हे नंबर अजून सापडलेला नाही. बुरूज माणसांनी बांधलेला होता, दगडाचा आणि चुन्याचा. माणसं निघून गेली, बुरूज राहिला. मग सिंहमहाराज त्याच्या माथ्यावर दरबार भरवू लागले, कारण उंचावरून बोललं की काहीही शहाणपणाचं वाटतं. दरबारानंतर अंग ओलं करायला त्यांनी माथ्यावरच एक हौदही करून घेतला.

बुरुजाच्या पायथ्याशी एका बिळात जनूमामा नावाचा म्हातारा मुंगूस राहायचा. त्याच्याजवळ त्याची भाची होती, केतकी. तिचे आईबाप गेल्यावर मामानंच तिला वाढवलं. मामा तापट होता, पण अंडं सापडलं की मोठा वाटा तिच्यासमोर ढकलायचा आणि आपल्याला भूक नाही म्हणायचा.

एके दिवशी बुरुजाला भेग दिसली. माथ्यापासून निघून ती थेट मामाच्या दारापर्यंत आली होती. लगेच सगळे जाणकार झाले. हत्ती म्हणाला, टेकू द्या. अस्वल म्हणालं, वरून सिमेंट थापा, म्हणजे दिसणार नाही. कोल्हा म्हणाला, भेगेला रंग द्या आणि नक्षी म्हणा. महाराजांना कोल्ह्याचं पटलं होतं. पण शेजारच्या जंगलानं नुकताच एक तज्ज्ञ ठेवला होता, तेव्हा आपल्याकडेही एखादा असावा, म्हणून त्यांनी केतकीला शिकायला पाठवलं. ती भिंतीच्या फटीत वाढली होती, एवढी पात्रता पुरली.

डोंगरापलीकडच्या एका पडक्या गढीत घोरपडबाई राहत. जुन्या इमारती तपासायच्या कशा, त्यांचं दुखणं ओळखायचं कसं आणि मग त्या नीट करायच्या कशा, हे त्या शिकवत. पहिला पावसाळाभर त्यांनी केतकीला नुसतं बघायला लावलं. पाणी कुठून येतं, कुठे मुरतं, कुठून बाहेर पडतं.

"बाई, भिंतीला हात लावू का?" केतकीनं विचारलं.

"पुढच्या वर्षी," बाई म्हणाल्या.

पुढच्या वर्षी ती भिंत ठोकून बघायला शिकली. भरीव दगड खणखणतो, आत पोकळ असेल तिथे बद्द वाजतं. मापं घेऊन नकाशा काढायला शिकली. चुना भिजवायला, मळायला आणि मग गप्प बसून वाट बघायला शिकली. हे शेवटचं तिला सगळ्यात जड गेलं.

"भेग दोन तऱ्हेची असते," बाई म्हणाल्या. "एक झोपलेली. तिच्यात चुना भरावा आणि घरी जावं. दुसरी जागी. तिच्यात काहीही भरलंस तरी ती पुन्हा उघडणार. तिला जागं कोण ठेवतंय, ते आधी शोधायचं."

"पण ओळखायची कशी?"

"भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटव. भेग हलली तर काच फुटते. काच खोटं बोलत नाही."

बाई फार विद्वान होत्या, मुलांनो. पण त्यांनी दरबारात कधी नोकरी केलेली नव्हती.

केतकी परत आली. तिनं बुरूज खालून वर पाहिला, वरून खाली पाहिला, ठोकला, मोजला. महाराजांनी विचारलं, "काय झालंय याला?"

"अजून माहीत नाही, महाराज."

दरबारात कुजबुज झाली. माहीत नसायला एवढ्या लांब जायची काय गरज होती, असं अस्वल म्हणालं.

केतकीला संशय हौदाचा होता. त्याचं पाणी भिंतीत मुरत असावं आणि आतला चुना धुऊन नेत असावं. पण नुसत्या संशयावरून महाराजांच्या आंघोळीकडे बोट दाखवता येत नाही. सहलीला येणारी माणसं चपट्या बाटल्या टाकून जात. त्यातली एक तपकिरी बाटली तिनं फोडली, तिची पट्टी केली आणि भेगेवर बसवली.

"हे औषध का?" महाराजांनी विचारलं.

"नाही महाराज. ही काच फुटली तर समजायचं, बुरूज धोक्यात आहे."

महाराजांनी मान डोलावली आणि त्याच दिवशी हुकूम काढला की काच फुटता कामा नये. वानराची काचरक्षक म्हणून नेमणूक झाली. त्याच्या हाताखाली दोन माकडं आली, एक पुसायला आणि एक पुसलेलं बघायला. सणासुदीला काचेला झेंडूची माळ चढू लागली.

केतकी घरी आली आणि मामाला म्हणाली, "मामा, तू थोडे दिवस दुसरीकडे राहा."

"का गं? काच फुटलीय का?"

"अजून नाही."

"मग फुटली की सांग. त्या दिवशी उचलतो गाठोडं. शब्द देतो तुला."

दर पंधरवड्याला केतकी काच बघायची. काच शाबूत असायची, अगदी लखलखीत. पाऊस आला आणि गेला, काच तशीच. शेवटी केतकीनं आपला संशय चुकीचा मानला. बाईंनी तिला काचेवर विश्वास ठेवायला शिकवलं होतं. "मामा, भेग झोपलेली दिसते," तिनं सांगितलं. "राहा निवांत."

मग एका सकाळी उन्हात काच चमकली आणि तिच्या लक्षात आलं की ती हिरवी आहे. आपण तर तपकिरी लावली होती.

तिनं वानराला गाठलं. "काच फुटली होती का?"

"फुटली होती की," वानर म्हणाला. "बऱ्याचदा फुटली. पण काळजी करू नकोस. फुटली रे फुटली की लगेच नवी बसवतो. फुटकी काच महाराजांच्या नजरेस पडू दिलेली नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तक्रार असती तर सांगितलं असतं," वानर म्हणाला. त्याला तिचा राग कशाचा तेच कळेना.

केतकीच्याच सांगण्यावरून मामा खाली निवांत झोपत होता. ती धावत महाराजांकडे गेली. "महाराज, हौद आजच रिकामा करा आणि सगळ्यांना खाली उतरवा. भेग जागी आहे."

"काच शाबूत आहे ना?" महाराजांनी विचारलं.

ती मामाकडे गेली. "मामा, बाहेर पड. काच फुटली होती."

"होती म्हणजे काय? आत्ता बघून आलो की. छान आहे." मामानं कूस बदलली. "मी शब्दाचा पक्का आहे, पोरी. फुटली तर जाईन."

केतकी बाहेर आली. तिला भीती वाटत होती. राजाची काच होती आणि समोर पहारा होता. तिनं एक धोंडा उचलला आणि सगळ्यांच्या देखत काच फोडली.

माकडांनी तिला तिथेच धरलं आणि खटल्यासाठी ओढत नेलं. मामा शब्दाप्रमाणे गाठोडं घेऊन बाहेर आला आणि तिच्या मागोमाग शिव्या देत निघाला. राजाची काच फोडणारी कशी दिसते ते बघायला अख्खं जंगल लोटलं. एवढी गर्दी माथ्यावर मावेना, म्हणून खटला समोरच्या माळावर भरला. महाराजही कुरकुरत खाली उतरले.

वानर साक्ष द्यायला उभा राहिला आणि त्याच वेळी बुरूज बसला. हौद, दरबार, झेंडूची माळ, सगळं खाली आलं. धूळ निवळली तेव्हा मामाच्या बिळावर दगडांचा ढीग होता. कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

मग कोल्हा उठला.

"महाराज, हिनंच सांगितलं होतं की काच फुटली तर बुरूज धोक्यात. ती वर्षभर फुटली नाही, बुरूज उभा होता. आज हिनं फोडली, आज बुरूज पडला. आणखी पुरावा काय हवा?"

पुरावा बिनतोड होता. केतकीला हद्दपार केलं. वानराला बढती मिळाली आणि नव्या बुरुजाचं काम त्याच्याकडे आलं. त्यानं काच आधी मागवली.

केतकी जंगलाबाहेर निघाली तेव्हा मामा गाठोडं पाठीवर टाकून तिच्यामागून चालत होता. "पिढ्यान्‌पिढ्यांचं घर," तो म्हणत होता. "एका धोंड्यात पाडलंस. एवढं शिकून हेच केलंस. माझ्याशी बोलू नकोस."

केतकी बोलली नाही. मामा मात्र वाटभर बोलत राहिला. त्याचा आवाज मागून येत होता, चांगला खणखणीत, आणि तिला त्या दिवशी त्याहून जास्त काही नको होतं.

तात्पर्य : मुलांनो, जुनी इमारत दुरुस्त करायला जरूर शिका, पण तिला काय झालंय ते शोधायच्या भानगडीत पडू नका. भेग कितीही वाढली तरी ती कोणाच्याच नावावर लागत नाही. काच मात्र फोडणाऱ्याच्या नावावर लागते.