पांढऱ्या दगडाच्या अलीकडे

कालिपा आपांनी नातवंडांच्या गळ्यात घंटा बांधल्या, तेव्हा शेजारच्या तंबूतला ओमुर्झाक पोट धरधरून हसला.

"आपा, उद्यापासून दूधही काढणार काय त्यांचं?"

"तू तुझ्या मेंढ्या बघ," आपा म्हणाल्या. "त्या तरी कुठं वेळेवर सापडतात तुला."

आपांचं काय चुकलं सांगा. उन्हाळी कुरणावर घोड्यांचं दूध दर दोन तासांनी काढायचं, शिंगरं बांधायची, सोडायची, ते दूध आंबवून त्याचं कुमिस घुसळायचं. पोरांमागे फिरायला डोळे मोकळे कुठले? कान तेवढे रिकामे होते. मग तीन नातवंडांना तीन आवाजांच्या घंटा. दहा वर्षांच्या आयझिरेकची किणकिणायची, एर्मेकची खणखणायची आणि चार वर्षांच्या कुबानला तर कळपाच्या म्होरक्या बोकडाचीच दिली होती. सूनबाईंचं म्हणणं, सकाळ-संध्याकाळ पोरं मोजा. दृष्ट लागते म्हणून आपांनी उभ्या जन्मात कोकरं मोजली नव्हती, त्या नातवंडं कशाला मोजतील?

सूनबाई म्हणजे जारकिन, बिश्केकच्या शाळेतली मास्तरीण. गेल्या उन्हाळ्यात एर्मेक घोड्यावरून पडून हात मोडून घेऊन घरी गेला होता. यंदा तिने सासूला बजावूनच पोरं पाठवली होती. "आपा, एक जरी ओरखडा दिसला, तर पुढच्या वर्षीपासून तिघं सरोवराकाठच्या शिबिरात. अर्ज भरून पर्समध्ये ठेवलाय." त्या अर्जाने आपांची झोप उडवली होती. वर्षाचे दहा महिने त्या या दोन महिन्यांच्या आशेवर तर काढत.

म्हणून नियमही कडक. ओढ्याकडे जाताना पांढरा दगड लागतो, त्याच्या खाली पाऊल टाकायचं नाही. चढावर जायचं तर तिघांनी एकच दोरी धरायची.

आणि शनिवारी, रविवारचं सांगून, जारकिन हजर झाली. पायात उंच टाचेच्या चपला.

"पोरं कुठायत?"

आपा घोडीच्या पोटाशी गुडघे टेकून बसल्या होत्या. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. "ऐक की. त्या टेकाडामागे आहेत. तिघंही."

खरंच, टेकाडामागून तिन्ही घंटा वाजत होत्या. जारकिन तिकडे गेली आणि आली ती पांढरीफटक होऊन.

"आपा, तिथं तीन करडं चरतायत. घंटा त्यांच्या गळ्यात आहेत."

आपांच्या हातून बादली निसटली. दूध सांडलं, ते घोडीने स्वतःच हुंगलं. "पोरं?" एवढंच त्या म्हणाल्या.

"मला काय विचारता?" असं म्हणत जारकिन ओढ्याकडे धावत सुटली.  आपांनी दारातला घोडा सोडला, एकोणसत्तराव्या वर्षी टांग मारली आणि सुनेच्या मागे उताराला लागल्या. वाटेत एकच विचार: अर्ज गेला खड्ड्यात, पोरं तेवढी सुखरूप असू देत.

दगडाशी पोहोचून बघतात तर तिन्ही पोरं दगडाच्या अलीकडे ओळीत उभी. आणि पलीकडे, हिरव्यागार दिसणाऱ्या गवताखालच्या दलदलीत, जारकिन मांड्यांपर्यंत रुतलेली. तिच्या काखेखालून दोरी, दोरीचं दुसरं टोक आयझिरेकच्या हातात.

"आई, हलू नकोस," आयझिरेक बजावत होती. "आपा म्हणतात, धडपडला तो रुतला."

"अगं, आधी ओढा मला."

"ओढतोय. पण तू जड आहेस."

आपांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी दोरी खोगिराला बांधली, घोड्याला टाच मारली. जारकिन बाहेर आली, चपला आतच राहिल्या.

"कुठं होता रे?" आपांनी दरडावलं.

"वर, मार्मोट बघायला," एर्मेक म्हणाला. "घंटा वाजली की ते बिळात पळतात. म्हणून करडांना घातल्या."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला काळजी वाटू नये म्हणूनच तर करडांना घातल्या. दोरी धरूनच गेलो होतो. आईची हाक ऐकली म्हणून खाली आलो."

जारकिनने तिघांचे हात-पाय तपासले, गुडघे तपासले, कानामागेही बघितलं. कुठं ओरखडा नव्हता. तिचे स्वतःचे गुडघे मात्र सोलवटले होते.

"तू दगडाच्या खाली गेलीस कशी?" आपांनी गंभीरपणे विचारलं.

"मला कुणी सांगितलं होतं?"

"आम्हाला रोज सांगतात," कुबान म्हणाला.

आपांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.   तंबूत त्यांनी सुनेला कोरडे कपडे दिले, गरम चहा दिला, पावावर बोटभर साय थापून दिली. जारकिनने पर्स उघडली, अर्ज काढला आणि मुकाट्याने चुलीत घातला. आपांना हुंदका आवरेना, आणि त्यांनी तो आवरलाही नाही.

"आपा, पुढच्या वर्षी पोरं इथंच," जारकिन म्हणाली. "आणि मीसुद्धा येते. पुरे दोन महिने."

आपांचा चेहरा पडला. पोरांचं एक ठीक होतं. पण ही बाई, हा ओढा आणि दोन महिने.

आयझिरेक सरकत आजीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही दूध काढा, आपा. आईकडे आम्ही बघू."